जुना ३२०० चा पॅनल सॉ घरच्या शेडमध्ये घ्यावा का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्याजवळ बंगल्याशेजारी १२ बाय २० फुटांची पत्र्याची शेड, घरगुती सिंगल फेज वीज, नोकरी सांभाळून शनिवार-रविवार सुतारकाम. आजवर दोन कपाटं, एक अभ्यासाचं टेबल आणि बहिणीच्या किचनचे खालचे कप्पे झालेत. हाताशी १० इंची साधा टेबल सॉ आहे. त्यावर प्लायची अख्खी शीट ढकलताना दमछाक होते आणि माल गुण्यात, म्हणजे काटकोनात, येत नाही. बंद पडलेल्या एका फर्निचर कारखान्यातला ३२०० चा पॅनल सॉ, म्हणजे ३२०० मिमी सरकणाऱ्या टेबलाचा सॉ, स्वस्तात मिळतोय. तो घ्यावा का, आणि तो नको तर कोणता स्लायडिंग (सरकत्या टेबलाचा सॉ) घ्यावा?

तो घेऊ नका. स्लायडिंग जरूर घ्या, पण १३०० ते १६०० मिमी सरकणारा घ्या, आणि शीट फाडायला रुळावर चालणारा ट्रॅक सॉ ठेवा. कारणं खाली सविस्तर देतो. एखादं पटलं नाही तर तेवढं सोडून बाकीचं घ्या.

पंधरा वर्षांपूर्वी मी हेच केलं होतं. भाव ऐकला आणि जागा मोजायच्या आधी बयाणा देऊन मोकळा झालो. आठशे किलोचं धूड. टेम्पो आला, क्रेन आली, गेटचा एक खांब काढावा लागला. यंत्र आत बसल्यावर टेबल पुढे ढकललं तर ते भिंतीला जाऊन टेकलं. हिशेब सोपा होता, मीच केला नव्हता. ३२०० च्या यंत्राचं सरकतं टेबल साधारण साडेदहा फूट लांब असतं आणि ते ब्लेडच्या अलीकडे तेवढं, पलीकडे तेवढं जातं. नुसत्या त्याच्या ये-जा करण्याला २१ फूट लागतात, त्यात माणूस उभा राहायची जागा धरलेली नाही. माझी शेडही २० फुटांचीच. शेवटी टेबलाच्या उंचीवर भिंतीला दोन फुटी भोक पाडलं. मोठा काप घेतला की टेबलाचं टोक शेजाऱ्यांच्या पेरूखाली निघायचं. पावसाळ्यात त्या भोकाला ताडपत्री, आणि ताडपत्री गुंडाळल्याशिवाय मोठं काम बंद.

भोक निदान दिसत तरी होतं. कोब्याचा उतार दिसत नव्हता. पाणी वाहून जायला शेडच्या फरशीला उतार दिलेला असतो. यंत्राचे पाय चारही टेकलेले दिसत होते, पण खरा भार तिघांवर. एवढी लांब चौकट अशी उभी राहिली की तिला पीळ बसतो. सरकतं टेबल ब्लेडपाशी येताना एका उंचीवर आणि पुढे जाताना दुसऱ्या उंचीवर. मी तीन आठवडे फेन्सच (माल टेकवायची सरळ पट्टी) जुळवत बसलो होतो. एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी येऊन कशालाही हात न लावता पाणसळ मागितली, ती आधी ओतीव (न सरकणाऱ्या, बिडाच्या) टेबलावर आडवी ठेवली, मग सरकत्या टेबलाच्या दोन्ही टोकांवर, आणि म्हणाले, "पाया बघा आधी." लोखंडी पट्ट्या घालून पाय समतल केले तेव्हा निम्मा त्रास गेला.

तुमच्याकडे १२ फूट रुंदी आहे. ३२०० च्या यंत्राला उजवीकडे साधारण १२५० मिमीची रिप फेन्स (लांबीत फाडताना माल टेकवायची), मध्ये यंत्र, डावीकडे सरकतं टेबल आणि त्याला धरून फिरणारी आडव्या फेन्सची बाहू. म्हणजे रुंदीही तोच खाणार. तुम्ही शेडचे मालक राहणार नाही, त्या यंत्राचे पाहुणे व्हाल.

आता किती लांबी लागते ते बघू. कारखान्यात दिवसाला पन्नास-साठ शीट फाडायच्या असतात, दोन माणसं उभी असतात, तिथे अख्खी शीट टेबलावर टाकून एका दमात कापणं परवडतं. युरोपात २८०० बाय २०७० मिमीचे बोर्ड येतात, त्यांना ३२०० शोभतोच. आपली शीट ८ बाय ४, म्हणजे २४४० बाय १२२० मिमी. १८ मिमीची प्लाय जातीनुसार ३० ते ३७ किलो भरते, एमडीएफ (लाकूडतंतूंचा दाबलेला बोर्ड) ४० च्या आसपास. ती एकट्याने कमरेएवढ्या टेबलावर चढवायची, तीही सरकत्या टेबलावर, म्हणजे ठेवताना ते पळू नये म्हणून कुलूप लावायला विसरायचं नाही. शनिवारी सकाळी हे चार वेळा केलं की रविवारी पाठ धरते.

पण तुम्ही बनवता त्या वस्तूंचे तुकडे बघा. किचनच्या खालच्या कप्प्याची बाजू ७२० बाय ५६०. वरच्या कप्प्याची खोली ३०० ते ३५०. ड्रॉवरचं सगळं ५०० च्या आत. कपाटाची बाजू सात फूट उंच असली तरी रुंदी ६००, आणि गुण्याचा प्रश्न आडव्या कापातच येतो. तो काप ६०० मिमीचा. १३०० चं टेबल यातलं सगळं करतं. फक्त एक लक्षात ठेवा, कागदावर १३०० लिहिलेलं असलं तरी फेन्स आणि क्लॅम्पची जागा वजा जाऊन हातात थोडं कमीच येतं. म्हणून जागा आणि पैसा दोन्ही असेल तर मी १६०० ला मत देईन. त्याला ये-जा करायला ११ फूट लागतात. २० फुटांच्या अंगाने बसवलंत तर पुढेमागे चालायला जागा उरते.

माझ्याकडे आता काम असं चालतं. शीट जमिनीवर, खाली दोन इंची थर्माकोल. ट्रॅक सॉने आधी कारखान्याची कड काढून टाकायची, कारण तिच्यावर आणि शीटच्या कोपऱ्यावर मी कधीच भरवसा ठेवत नाही. मग ६०० च्या दोन लांब पट्ट्या. १२२० मधून १२०० गेले की २० मिमी उरतात, त्यात दोन्ही कडांची सफाई आणि ब्लेडची जाडी आरामात बसते. मकिताचा एसपी ६००० सारखा १६५ मिमी ब्लेडचा ट्रॅक सॉ या कामाला पुरेसा आहे. रूळ मात्र लांब घ्या, किंवा दोन छोटे जोडत असाल तर जोडावर सरळ पट्टी लावून तपासा. आता १६-१७ किलोची पट्टी हातात आली, ती कोणीही उचलतं. ती स्लायडिंगवर आडवी, एक टोक साफ, मग फेन्सवरच्या स्टॉपला (मापावर घट्ट केलेल्या अडणीला) टेकवून मापाचा काप. पुढचा तुकडा त्याच स्टॉपला, त्याच्या पुढचाही. मापपट्टी पुन्हा उचलायचीच नाही. कप्प्याच्या दोन्ही बाजू एकमेकींवर ठेवून कडेवरून नख फिरवलं तर पायरी लागत नाही. ज्या सुखासाठी स्लायडिंग घ्यायचा ते हे, आणि १३०० वर ते तितकंच मिळतं जितकं ३२०० वर.

लांब आणि अरुंद पट्टी फाडायची असेल तर टेबलाला कुलूप लावा आणि उजवीकडच्या फेन्सने नेहमीच्या टेबल सॉसारखं फाडा. सरकतं टेबल ओतीव टेबलापेक्षा कागदभर उंच बसवलेलं असतं. तो दोष नाही, मुद्दाम तसं ठेवतात, म्हणजे स्लायडिंगवरचा माल उजवीकडच्या टेबलावर घासत नाही.

सागाची वखारीतून आणलेली फळी, जिची एकही कड सरळ नाही, तिच्यासाठी सरकत्या टेबलाच्या पुढच्या टोकाला एक दातेरी बूट बसवतात. फळीचं टोक त्यात रुतवायचं, मागचं टोक क्लॅम्पखाली, आणि टेबल ढकलायचं. फळी कशीही वाकडी असो, काप टेबलाच्या चालीएवढा सरळ येतो. पाच फुटांच्या आतलं सगळं सागवान मी असंच सरळ करतो. तुमचं पुढचं काम सागाचं डायनिंग टेबल असेल तर १३०० आणि १६०० मधला फरक तुम्हाला इथे जाणवेल.

पैसे कशाचे द्यायचे? टेबलाच्या चालीचे आणि आडव्या फेन्सचे. मोटर, रंग, आकड्यांचा डिस्प्ले सगळं नंतर. सरकतं टेबल ही कल्पना जुनी आहे, विल्हेल्म आल्टेनडॉर्फने १९०६ साली बर्लिनमध्ये ती आणली, आणि तेव्हापासून यंत्राची किंमत त्या एका चालीवर ठरत आली आहे. टेबल पूर्ण पुढे न्या, टोक धरून वर-खाली आणि डावी-उजवी हलवा. खडखड जाणवली तर जुळवणीने जाते की रूळच झिजलेत, हे विक्रेत्याला विचारू नका, त्याच्यासमोर जुळवून बघा. गोल दांड्यांवर बेअरिंग पळणारी हलकी टेबलं दुकानात छान सरकतात, पण दांड्यांवर भुसा चिकटला की त्यांची चाल बिघडते. आडवी फेन्स काढून परत लावली की ती त्याच काटकोनात परत बसते का हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण लांब माल असला की ती तुम्ही रोज काढणार-लावणार.

स्कोअरिंग ब्लेड हवा का, हे तुम्ही काय कापता त्यावर आहे. मुख्य ब्लेडच्या पुढे एक १२० मिमीचा छोटा ब्लेड उलट फिरतो आणि खालच्या बाजूला एक-दोन मिमी खोल चर पाडतो, म्हणजे मोठा ब्लेड खालून बाहेर येताना टवके उडत नाहीत. आपल्याकडे बहुतेक सुतार प्लाय कापून मग त्यावर सनमायका चिकटवतात आणि कड नंतर ट्रिम करतात. तसं करत असाल तर स्कोअरिंगवर खर्च कशाला? प्रीलॅमिनेटेड (आधीच लॅमिनेट लावलेला) बोर्ड किंवा दोन्ही बाजूंनी आधीच प्रेस केलेली शीट कापायची असेल तर मात्र त्याला पर्याय नाही. आणि तो घेतलात तर त्याच्या कुरबुरीही घ्या. स्कोअरिंगचा चर मुख्य ब्लेडच्या कापापेक्षा किंचित रुंद हवा. मोठ्या ब्लेडला धार लावून आणली की त्याच्या कापाची रुंदी बदलते आणि पुन्हा जुळवणी. वर्षाला चार-पाच प्रीलॅम शीट असतील तर ट्रॅक सॉने आधी दोन मिमी खोल काप आणि मग पूर्ण काप, एवढ्यात भागतं.

आणखी एक गैरसमज आधीच काढतो. रुंद खाच मारायचा डॅडो सेट या युरोपीय घाटाच्या यंत्रांवर सहसा बसत नाही. ब्लेडची दांडी मुद्दाम आखूड ठेवतात, आणि बंद केल्यावर दहा सेकंदांत ब्लेड थांबावा या नियमात जड डॅडो सेट बसत नाही. खाच राउटरने, म्हणजे खाचा मारायच्या हातयंत्राने, मारा.

विजेचं. कारखान्यातला ३२०० बहुधा साडेपाच-साडेसात हॉर्सपॉवरचा, तीन फेजचा. तुमच्या मीटरवर तो चालणार नाही. घरगुती तीन फेज घेता येतं, पण ज्या यंत्रासाठी घ्यायचं तेच बसत नाहीये. छोट्या स्लायडिंगला तीन हॉर्सपॉवर पुरतात. सिंगल फेजवर ती मोटर भरल्या कापात १४-१५ अँपिअर खेचते, म्हणजे १६ अँपिअरच्या प्लगला ती जेमतेमच. मीटरपासून वेगळी ४ चौरस मिमीची वायर, वेगळा एमसीबी, नीट अर्थिंग, हे आधी करून घ्या. उन्हाळ्यात तुमच्याकडे व्होल्टेज २०० च्या खाली जात असेल तर दुपारी जाड लाकूड फाडू नका, मोटर ओढत नाही आणि तापते. यंत्र आवडलं पण मोटर तीन फेजची निघाली तर घाबरायचं कारण नाही. तीन हॉर्सपॉवरपर्यंतच्या मोटरी आपल्याकडे बऱ्याचदा स्टारमध्ये जोडलेल्या असतात (स्टार आणि डेल्टा या मोटरीची गुंडाळी जोडायच्या दोन पद्धती). सहाही टोकं बाहेर असतील तर डेल्टात जोडून सिंगल फेज व्हीएफडीवर (सिंगल फेजमधून तीन फेज देणारा ड्राइव्ह) चालवता येतात. हे वायरमनकडून नको, मोटर बांधणाऱ्याकडून करून घ्या.

स्टार्टर मात्र नो-व्होल्ट कॉइलचाच हवा. वीज जाऊन परत आली की यंत्र आपोआप सुरू होता कामा नये. साध्या स्विचवर चालणारा सॉ, लोडशेडिंग, आणि अंधारात टेबलावरचा भुसा हाताने झाडणारा माणूस. मी हे बघितलंय. त्या दिवशी बोटं वाचली ती केवळ नशिबाने.

सुरक्षेबद्दल विचारलं नाहीत, तरी सांगतो. साध्या टेबल सॉवर तुम्ही ब्लेडच्या रेषेत उभे राहून माल त्यात ढकलता. स्लायडिंगवर डावीकडे उभे राहता, माल टेबलावर बांधलेला असतो आणि तुम्ही टेबल ढकलता. माल उलटा फेकला गेलाच तर तुम्ही त्याच्या वाटेत नसता. पण ही सोय जुन्या सवयीने घालवता येते. सगळ्यात नेहमीची चूक म्हणजे आडवा काप घेताना उजवी फेन्स मापासाठी तशीच पूर्ण पुढे ठेवणं. कापलेला तुकडा ब्लेड आणि फेन्सच्या मध्ये अडकतो, तिरपा होतो आणि सुटतो. माझ्या पोटावर १८ मिमीच्या प्लायचा चौकोन असाच बसला होता, दोन आठवडे काळानिळा. फेन्सची पट्टी मागे ओढा, तिचं टोक ब्लेडच्या अलीकडे संपलं पाहिजे. मग ती स्टॉपचं काम करते आणि तुकडा मोकळा पडतो. ब्लेडमागची रिव्हिंग नाइफ (काप मिटू न देणारी पोलादी पात) काढून ठेवलेली यंत्रं आपल्याकडे सर्रास दिसतात. ती परत बसवा. तिची जाडी ब्लेडच्या पत्र्यापेक्षा जास्त आणि ब्लेड पाडतो त्या कापाच्या रुंदीपेक्षा कमी हवी. पत्रा २.२, काप ३.२, तर नाइफ २.५ ते २.८.

छोट्या तुकड्यांसाठी जर्मन सुतारांची एक युक्ती आहे, तिला ते फ्रिट्झ आणि फ्रान्झ म्हणतात. प्लायचे दोन ठोकळे, एक टेबलाच्या खाचेत पुढे, एक मागे हातात. तुकडा दोघांच्या चिमटीत धरायचा आणि टेबल ढकलायचं. तासाभरात बनतात. माझ्या यंत्रावर ते कायम असतात, आणि नव्या पोराला मी फेन्सच्या आधी हे वापरायला शिकवतो.

ब्लेडमध्ये कंजुषी नको. ३०० मिमीचे तीन ठेवा. फाडायला २४ ते २८ दात, प्लायला ६०, लॅमिनेटला ९६ दातांचा ट्रिपल चिप (एकाआड एक वेगळ्या घाटाचे दात असलेला). एकच बहुगुणी ब्लेड सगळीकडे वापरणाऱ्याचा सागही जळतो आणि प्लायही फाटते. भुसा खालून आणि वरून दोन्हीकडून ओढा. खालचं तोंड बहुधा १२० मिमीचं असतं, त्याला घरातला व्हॅक्युम पुरत नाही, पिशवीचा डस्ट कलेक्टर लागतो. लाकडाची धूळ कर्करोगकारक म्हणून नोंदलेली आहे, मास्कवर भागवू नका. पावसाळ्यात ओतीव टेबलावर रात्रीत तांबूस डाग येतात. जूनच्या आधी मेण चोळून ठेवा, आणि त्यावर चहाचा कप ठेवणाऱ्याला शेडबाहेर काढा.

जुना १६०० मिळाला तर बघायला जाताना चार गोष्टी न्या: डायल गेज (बारीक हालचाल काट्यावर दाखवणारं), फिलर गेज (मापाच्या पातळ पट्ट्या), व्हर्नियर आणि १२ मिमी एमडीएफचा दोन फुटी चौकोन. वीज जोडलेली नसेल तर परत या. ब्लेड काढून फ्लँजवर (ब्लेड जिला टेकतो त्या चकतीवर) डायल लावा आणि हाताने फिरवा, काटा ०.०५ मिमीच्या आत राहिला पाहिजे. यंत्र चालवून बंद करा आणि ब्लेड थांबेपर्यंत कान द्या, बेअरिंग गेलं असेल तर मोटरच्या आवाजात झाकलेली घरघर तेव्हा ऐकू येते. ४५ अंशांवर झुकवून परत ९० ला आणा आणि बघा तिथेच बसतो का.

मग एमडीएफचा चौकोन आडव्या फेन्सला लावून एक बाजू कापा. कापलेली बाजू फेन्सला लावून दुसरी. असं चारही बाजू, आणि पाचव्यांदा पहिली कड ब्लेडपाशी येईल तेव्हा २५ मिमीची पट्टी कापून काढा. पट्टीच्या दोन्ही टोकांची रुंदी व्हर्नियरने मोजा. समजा एका टोकाला २५.३२ आणि दुसऱ्याला २५.०० भरली. फरक ०.३२, त्याला चारने भागा, ०.०८ मिमी. म्हणजे दोन फुटांत फेन्स तेवढी चुकलीय. फेन्सचा जुळवणीचा स्क्रू खिळीपासून (फेन्स जिच्याभोवती फिरते तिथून) एक मीटरवर असेल तर तिथे ०.१३ ची फिलर पट्टी घालून सरकवा आणि पुन्हा पाच काप घ्या. दुसऱ्या वेळी फरक खाली आला तर यंत्र जुळतं. तिसऱ्या वेळीही आकडा मनाला येईल तसा उड्या मारत असेल, एकदा ०.३, एकदा ०.१, मग उलट दिशेला, तर दोष फेन्सचा नाही, टेबलाच्या चालीचा आहे. विक्रेता कितीही खाली आला तरी एमडीएफ काखेत घ्या आणि निघा.